डावऱ्या एर्सुमोचा खड्डा

बैलाचं मोठं कातडं खरवडायला साडेपाच तास लागतात. दगड लागतात चार. हवा दमट असली तर पाच. एकदा धार काढली की दगड शंभर ओढी चालतो. लोंबेबोचा एकशे दहा चालायचा. त्या वरच्या दहा ओढी, एवढीच काय ती लोंबेबोची श्रीमंती. बाकी साठीला टेकलेला, बुटका, खांद्यांनी रुंद माणूस. बोटांच्या टोकांवर इतके बारीक वण, की त्याचा अंगठा उठवून घेताना सरकारी कारकुनाला दोनदा कागद बदलावा लागला.

हदिया मुलखात कातडी कमावणाऱ्यांची घरं गावाच्या कडेला असतात. शेतकरी कातडं घेऊन येतो, कुंपणाबाहेर उभा राहून हाक मारतो, ओझं टाकतो आणि जातो. आत पाऊल टाकत नाही, त्यांच्या भांड्याला तोंड लावत नाही. झोपतो मात्र त्यांनी खरवडलेल्या कातड्यावर. लोंबेबो म्हणायचा, "सगळं गाव माझ्या हातावर झोपतं आणि सकाळी उठून मला टाळतं."

त्याचं हत्यार म्हणजे हातभर लांब लाकडी दांडा. दोन्ही टोकांना खोबणी, आणि खोबणीत राळेनं पक्का बसवलेला काचदगड. हा दगड जमिनीच्या पोटातून कधीतरी वितळून वर आलेला आणि थिजलेला; काळा कुळकुळीत, फोडला की कडेतून उजेड दिसावा इतका पातळ फुटणारा. एक टोक बोथट झालं की दांडा उलटा धरायचा. दोन्ही बोथट झाली की लोखंडाच्या तुकड्यानं हलकेच टकटक करून कपच्या उडवायच्या, धार ताजी करायची. दगड नखाएवढा उरला की राळ तापवून काढायचा आणि नवा बसवायचा.

"लोखंडाचं पातं का नाही लावत?" असं लोक विचारत.

"लोखंड चावतं, दगड चाटतो," एवढंच तो सांगे.

दगड मिळायचा गावामागच्या टेकडीवर. चढायला सव्वा तास, ओझं घेऊन उतरायला पाऊण. टोपलीत अठरा किलो. जास्त आणलं तर गुडघे खातात, कमी आणलं तर वाट खाते. हे गणित त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, बापाला आज्यानं.

त्या वर्षी हंदिसो नावाच्या शेतकऱ्याकडे मुलाचं लग्न निघालं. त्यानं बैल कापला आणि नव्या जोडप्याच्या अंथरुणासाठी कातडं लोंबेबोकडे टाकलं. लग्न रविवारी. लोंबेबोनं कातडं दोन दिवस भिजवलं, मंगळवारी सकाळी चौकटीवर ताणून बांधलं आणि दगडांच्या टोपलीत हात घातला. आत एक अर्धा दगड होता. तो टोपली पाठीला मारून टेकडीकडे निघाला.

टेकडीच्या पायथ्याशी दोर ताणलेला होता. दोरामागे शामेबो, गावातलाच तरणा गडी, डोक्यावर नवी टोपी.

"काका, पुढं जायचं नाही."

"का? वर कोण बाळंत झालंय?"

"राजधानीतून खणून जुनं शोधणाऱ्या डॉक्टरबाई आल्यात. जुन्या माणसांचे दगड आहेत म्हणे इथं. कुणी हात लावायचा नाही."

"मग मी कोण, नवा?"

"तुमच्याहून जुनी माणसं, काका."

"माझ्याहून जुनी गावात तिघं आहेत. तिघांनाही दात नाहीत. ते दगड घेऊन काय करणार?"

"मेलेली जुनी. मला विचारू नका. मला टोपी दिलीय, मी उभा आहे."

"किती दिवस उभा राहणार?"

"कायमचाच. तारेचं कुंपण येणार आहे."

लोंबेबो रिकामी टोपली घेऊन परतला. ओझ्याशिवाय टेकडीकडून परतायची त्याला सवय नव्हती. पाय उगाच भरभर पडत होते आणि त्याचा त्याला राग येत होता. या दगडाची दुसरी टेकडी तीन दिवसांच्या वाटेवर. तीन दिवस जायला, तीन यायला, आणि चौकटीवर कातडं फार तर दोन दिवस ओलं ठेवता येतं. त्यापुढे ते सडतं, नाहीतर वाळून फळीसारखं होतं. पण हे झालं एका कातड्याचं. टेकडी बंद म्हणजे लोंबेबोच बंद.

दुपारी हंदिसो कुंपणाबाहेर येऊन उभा राहिला. "झालं का रे?"

"दगड नाही."

"पायाखाली बघ, सगळा दगडच आहे."

"दगड तर तुझं डोकंही आहे. त्यानं खरवडू?"

हंदिसो रागावला नाही. त्याच्या डोक्यात आधीच दुसरं काही होतं. "हे बघ, शहरात स्पंजची गादी मिळते. दुकानदार म्हणतो वासही येत नाही. शनिवारपर्यंत कातडं हातात पडलं नाही तर मी गादी आणतो."

"स्पंजात माणूस बुडतो, हंदिसो. तुझा मुलगा आधीच कामाच्या वेळी सापडत नाही."

हंदिसो गेला. लोंबेबोच्या बायकोनं, ताफेसेचनं, एक बिअरची बाटली फोडून काचेचा तुकडा पुढे केला. लोंबेबोनं तो दांड्यात बसवला. अकरा ओढींत त्याचा चुरा झाला. उरलेल्या अर्ध्या दगडावर त्यानं मानेकडची वीतभर पट्टी काढली, आणि मग कातड्यावर पाणी मारत बसला.

"जा त्या बाईकडं," ताफेसेच म्हणाली.

"जाऊन काय म्हणू?"

"म्हण, दगड द्या."

"एवढंच?"

"आणखी बोललास की तू काम बिघडवतोस."

बुधवारी सकाळी तो पुन्हा टेकडीशी गेला. शामेबो जागेवर नव्हता. कोणीच जागेवर नव्हतं. सगळी माणसं पायथ्याच्या सपाटीवर एका चौकोनी खड्ड्याभोवती जमली होती आणि आत लग्नघर असावं तसा गलका चालला होता. खोदणारे गडी हसत होते. गाडीचा ड्रायव्हर शीळ घालत होता. एक उंच, सडपातळ बाई, गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेली, हातात काहीतरी उंच धरून उभी होती. ती डॉक्टर वुबेत.

"बघा, बघा हा," ती सांगत होती. "कातडं खरवडायचा दगड. एका खड्ड्यात असे सव्वादोनशे. कुणीतरी एका जागी बसून वर्षानुवर्षं काम केलंय आणि झिजलेला प्रत्येक दगड जपून इथंच टाकलाय. आपल्यापर्यंत पोचवायलाच जणू."

लोंबेबो गर्दीतून पुढे सरकला. "दगड द्या" हे त्याच्या ओठांवर होतं. पण बाईच्या बोटांतला दगड त्याला दिसला, आणि ओठांवरचं तिथंच राहिलं. दगडाचा उजवा कोपरा शाबूत होता. झिजला होता डावा.

पोटातून काहीतरी वर आलं. त्याला आधी खोकला वाटला. पण ते हसू होतं, आणि ते थांबेना. तो उकिडवा बसला, मग बुडावर बसला, मग रिकामी टोपली पोटाशी धरून आडवाच झाला. शामेबो धावत आला.

"काका, काय झालं? छाती दुखते का?"

"बाप," लोंबेबो म्हणाला.

"बापाला काय झालं?"

"काही नाही. तो सापडला."

पाणी पाजल्यावर त्यानं सगळं सांगितलं. त्याचा बाप एर्सुमो डावरा होता. उजव्या हाताच्या माणसाचा दगड उजव्या कोपऱ्यात आधी झिजतो, एर्सुमोचा डाव्या. साऱ्या मुलखात असा तो एकटा. आणि त्यांचं जुनं घर इथंच होतं, याच सपाटीवर. पन्नास वर्षांपूर्वी पुरानं विहीर बुजली तेव्हा ते गावाकडं सरकले. घर गेलं, वर गवत आलं, खड्डा राहिला.

"पण हे असं जपून का टाकलंय?" बाईनं विचारलं. तिचा चेहरा अजून हसायचं की रडायचं ते ठरवत होता.

"जपून कसलं, बाई. दगड कापतो. पोरं अनवाणी, गुरं अनवाणी. कातडी कमावणाऱ्याचा हा पहिला नियम: कपची पडली की उचल, खड्ड्यात टाक. एकदा माझ्या हातून एक अंगणात राहिली. बापानं मला रात्रभर बोटांनी अंगण चाचपायला लावलं. सापडली पहाटे, माझ्याच टाचेत."

बाई खड्ड्याच्या काठावर खाली बसली. मग तिनंच पहिल्यांदा फिस्स केलं. तिला पाहून ड्रायव्हर, ड्रायव्हरला पाहून शामेबो. हसणं साथीच्या तापासारखं खड्डाभर पसरलं. ज्या दगडांवरून सकाळपासून टाळ्या वाजल्या ते एका डावऱ्या माणसाच्या अंगणातला केर निघाले, आणि त्या माणसाचा मुलगा समोर बसून नाक पुसत होता.

"नक्की तुमच्याच वडिलांचे? ओळखाल?"

"बाई, तुम्ही आईची भाकरी ओळखता ना?"

फळीवर चार पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. जसजसं खोल खणलं तसतसे दगड वेगळ्या पेटीत भरले होते. लोंबेबोनं पहिली पेटी पुढे ओढली. आता त्याला कोण आवरणार. एकेक दगड उजेडाला धरायचा, अंगठा फिरवायचा आणि नाव घ्यायचं.

"हा बाप. हा बाप. हा हेलेबोकाका. बघा, अर्धा दगड शिल्लक असताना फेकला. आळशी. बाप म्हणायचा, हेलेबो दगड टाकत नाही, जेवण अर्धं टाकून उठतो. हाही हेलेबो. हा पुन्हा हेलेबो. त्या दिवशी बहुतेक बाजार होता. हा बाप. हा माझा."

"तुमचा?"

"मी तेव्हा एवढा. इथं बघा, धार काढताना चुकलो, खाच पडली. पाठीत बसलेला रट्टा अजून आठवतो."

बाई भराभर लिहीत होती. दुसरी पेटी झाली. तिसरीत आजा निघाला. त्याचे दगड मोठे, कारण तेव्हा टेकडीवर मोठे मिळायचे. मध्येच कातड्याची आठवण येऊन त्याला चटका बसे, पण समोर बापाचा दगड आला की तो पुन्हा हसे. चौथ्या पेटीतला पहिलाच दगड त्यानं उचलला, अंगठा फिरवला आणि समाधानानं मान हलवली.

"हा बापाचाच. तरुणपणीचा. हात अजून बसला नव्हता."

बाईची लेखणी थांबली. "बाबा, पुन्हा बघा."

"काय बघायचंय? डावा कोपरा."

"ही पेटी त्या राखेच्या खालची आहे." तिनं खड्ड्याच्या भिंतीकडे बोट केलं. कमरेएवढ्या खोलीवर बोटभर जाडीची पांढरी रेघ गेली होती, कुठंही न तुटता. "ती राख डोंगर फुटला तेव्हाची. आठ हजार वर्षं, कदाचित दहा. तिच्याखाली तुमचे वडील जाऊ शकत नाहीत."

लोंबेबोनं दगड पुन्हा चाचपला. एकदा उजव्या हातात धरला, नीट बसला नाही. डाव्यात धरला, बसला. त्यानं खाली पेटीत पाहिलं. आणखी चार तसेच.

"म्हणजे त्यांनीही एक डावरा पोसला होता," तो हळूच म्हणाला, आणि हसण्यानं पुन्हा त्याच्या मांडीवरची टोपली हलायला लागली.

पण बाईला आता हसू येत नव्हतं. तिचे डोळे मोठे झाले होते. "एकाच जागी, बाबा. मध्ये हजारो वर्षं. तुमच्या वडिलांना खाली काय आहे ते माहीत होतं का?"

"छे. त्याला काय माहीत."

"मग याच जागी कसा खड्डा?"

लोंबेबोला प्रश्नच कळेना. "बाई, तुम्ही कधी अठरा किलो घेऊन ही टेकडी उतरलात?"

"नाही."

"उतरून बघा. पाय थरथरायला लागतात ती पहिली सपाट जागा हीच. इथं ओझं टेकायचं. टेकलं की तिथंच फोडायचं, निम्मा दगड वाया जातो तो घरी कोण नेणार? दहा हजार वर्षांपूर्वी गुडघे काय वेगळे होते?"

बाईनं ते वाक्य लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता मान वर केली. "तुम्ही हे काम अजून करता?"

"परवापर्यंत करत होतो. तुमच्या टोपीवाल्यानं बंद केलं." आणि मग ताफेसेचनं सांगितलेलं त्याला एकदाचं आठवलं. "दगड द्या, बाई. कातडं चौकटीवर आहे. आज झालं नाही तर गेलं."

बाई उभी राहिली, दोन पावलं इकडं, दोन तिकडं. टेकडीवरचा एकही दगड हलवायचा नाही असा वरचा हुकूम होता आणि तो तिनंच मागून घेतला होता. मग ती पहिल्या पेटीशी वाकली.

"हे वरचे तुमच्या घरच्यांचे ना? मग ते टेकडीचे नाहीत. वारशाचे आहेत. वडिलांचे मी ठेवते. काकांचे कागदावर काढून घेते आणि तुम्हाला देते. चालतील?"

"अर्धे आहेत. दुपटीनं लागतील."

"किती?"

"नऊ."

तासाभरानं लोंबेबोच्या अंगणात चौकटीसमोर ड्रायव्हर, सहा गडी आणि डॉक्टरबाई बसली होती. शामेबो कुंपणाशी अडला. शेतकऱ्याचा पोर तो. जन्मात या कुंपणाच्या आत आला नव्हता.

"ये की," ताफेसेच म्हणाली. "का टोपी अडते?"

"टोपी सरकारची आहे, काकू," शामेबो म्हणाला. "ती डोक्यावर असेपर्यंत मी गावचा नाही." आणि तो पाय उचलून आत आला.

लोंबेबोनं राळ तापवली, हेलेबोचा दगड बसवला, टकटक करून धार काढली. हात थुंकीनं ओले केले. पहिली ओढ खांद्यापासून खाली, दोन्ही हातांनी, पाठीचा कणा वाकवून. कातड्यावरून पांढरी सालं सुताराच्या रंध्यातून निघावीत तशी वळत वळत उडाली. कुत्रं त्यांच्या मागे धावलं. लोंबेबो मोजत होता, त्याच्या नकळत गडीही मोजायला लागले. शंभरला आरोळी उठली. एकशे दहाला त्यानं हात थांबवला आणि दांडा उलटा केला.

"मला द्या," बाई म्हणाली.

लोंबेबोनं कातड्याकडे पाहिलं, मग बाईकडे. एक तिरकी ओढ आणि भोक. भोकाला औषध नाही. त्यानं तिला मांडीकडची जाड कड दिली आणि स्वतः पाठीशी उभा राहिला. "हातांनी नाही, पाठीनं. जोर खाली, पुढं नाही. दगडाला चाटू द्या."

बाईच्या बत्तीस ओढी झाल्या. मग तिची बोटं उघडेनात. ताफेसेचनं एकेक सोडवली. ड्रायव्हर सतरावर बसला. सगळ्यांना भाजलेले जव आणि लोणी घातलेली कॉफी मिळाली. बाईनं तोच घरचा पेला घेतला, ज्यातून लोंबेबो पीत होता, आणि दुसऱ्यांदा मागितली. ताफेसेचनं पेला काठोकाठ भरला.

पाच तास चाळीस मिनिटं लागली. दहा मिनिटं बाईच्या बोटांची. हेलेबोकाका मेल्यावर तीस वर्षांनी त्याच्या आळसाचा उपयोग झाला. उतरत्या उन्हात लोंबेबोनं कातड्याच्या मागे हात धरला, आणि पाची बोटांची सावली इकडून मोजता आली.

हंदिसो आला आणि कुंपणाबाहेर उभा राहिला. आतली गर्दी पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आत या," बाई म्हणाली.

"नको. पाय मळलेत," हंदिसो म्हणाला. त्याचे पाय स्वच्छ होते. लोंबेबोनं कातड्याची कड त्याच्यापर्यंत नेली. हंदिसोनं ती चुरगाळली, सोडली, पुन्हा चुरगाळली.

"गादी?" लोंबेबोनं विचारलं.

"कसली गादी," हंदिसो म्हणाला. "बरं झालंय." त्याच्या तोंडून एवढं कौतुक कुणी कधी ऐकलं नव्हतं. लोणी चोळून, तुडवून मऊ केलेलं कातडं शनिवारी त्याच्या घरी पोचलं.

टेकडीचा प्रश्न मात्र उरलाच. डॉक्टरबाईनं वर पत्र लिहिलं. त्यात तिनं काय काय लिहिलं ते लोंबेबोला कळलं नाही. शामेबोनं त्याला एकच ओळ वाचून दाखवली: या टेकडीचा दगड हजारो वर्षं वापरात आहे आणि परवाच्या बुधवारपर्यंत होता, तेव्हा तो थांबवणारे आपणच पहिले ठरू. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. कुंपण होणार, पण कातडी कमावणाऱ्याला दगड नेता येईल, एका खेपेला एक टोपली. कुंपणाला दार ठेवावं.

दार ठेवलं ते मोटारीच्या रस्त्याकडे. लोंबेबोला कळलं तेव्हा तो खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात जाऊन बसला.

"आजोबा, उठा," कुंपणाचा मुकादम म्हणाला. "नकाशात दार इथंच आहे."

"नकाशा चढतो का टेकडी?"

"म्हणजे?"

"इथून वाट दोनशे पावलं लांब पडते. त्यातली ऐंशी चढाची. ओझं घेऊन उतरणाऱ्याला शेवटी पुन्हा चढ? दार तिकडं पाहिजे. सपाटीशी."

"काय फरक पडतो दोनशे पावलांनी?"

लोंबेबो खड्ड्यातून बाहेर आला. मुकादमाला घेऊन टेकडीवर चढला. वर त्यानं निवांतपणे दगड निवडले, प्रत्येकाला टिचकी मारून आवाज ऐकला, घंटेसारखा वाजला तोच घेतला. अठरा किलो भरले आणि टोपली मुकादमाच्या पाठीला बांधली. मुकादम तगडा होता, उतरला. मोटारीच्या रस्त्याकडे वळायचं होतं तिथं तो वळला नाही. त्याचे पाय त्याला सरळ घेऊन गेले. सपाटीवर, एर्सुमोच्या बुजवलेल्या खड्ड्याच्या काठावर, तो धपकन बसला.

लोंबेबो मागून येऊन शेजारी बसला. पोटात पुन्हा तेच हसू खळखळत होतं. दातांत धरून ठेवलं होतं त्यानं.

"इथं?" मुकादमानं धापा टाकत विचारलं.

"इथंच."

दुसऱ्या दिवशी तिथं दोन खांब उभे राहिले. लोंबेबोनं भरलेली टोपली पाठीला मारली आणि त्यांच्यामधून चालत गेला. अंग न वळवता जाता येतं का, ते पाहायचं होतं. टोपलीची कड डाव्या खांबाला घासली.

"आणखी चार बोटं," तो म्हणाला.

मुकादमानं आभाळाकडे पाहिलं आणि गड्यांना पहार आणायला सांगितलं. लोंबेबोनं टोपली उतरवली नाही. खांब उपटून चार बोटं पलीकडे ठोकेपर्यंत तो तसाच, पाठीवर अठरा किलो घेऊन, उभा राहिला, आणि ठोकणारा दमला तेव्हा त्याला पहार कशी धरायची ते सांगत राहिला.